मला घासून लख्ख केलं त्या दिवशी

मित्रांनो, जरा दम खाऊ द्या, अजून माझी छाती धडधडते आहे! मी सँडविच भाजायचा बिडाचा टोस्टर. वहीसारखे उघडणारे आणि मिटणारे दोन जाड तुकडे, मागे दोन लांब लाकडी मुठी. वय वर्षं एकतीस. परवापरवापर्यंत मी काळाकुट्ट होतो आणि त्याचा मला भारी तोरा होता.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात वितळलेलं बीड ओतलं आणि मी तयार झालो. तेव्हा मी करडा, खरखरीत आणि अगदी कुचकामी होतो. पहिल्याच दिवशी पाव मला असा चिकटला, की सुरीने खरवडावा लागला. मालकीणबाईंनी तेव्हा नुकतंच खाण्याचं दुकान काढलं होतं. दुसरी कोणी असती तर तिने मला भंगारात दिलं असतं. त्यांनी मला रोज तेल पाजलं, आचेवर तापवलं, कोरड्या फडक्याने पुसलं. सहा महिन्यांनी माझ्या अंगावर काळा, गुळगुळीत थर बसला आणि पाव आपणहून सुटायला लागला. साबण-पाण्याचं तर नावच नको! तो थर म्हणजे माझी जन्माची कमाई होती.

मग काय विचारता! जाड पाव, उकडलेला बटाटा, कांदा, चीज, वर मिरपूड. मी मिटलो की आतून चुर्रर्र आवाज यायचा आणि कडा खरपूस व्हायच्या. टपालवाले काका म्हणायचे, "बाई, नुसती कड दिलीत तरी माझी फेरी गोड होते." मालकीणबाई मात्र माझ्या मुठीला कोणाला हात लावू देत नसत. कोणी विचारलंच, की याला करता तरी काय, तर म्हणायच्या, "तुम्ही खा, नसत्या चौकशा नकोत."

त्यांची सून लग्न होऊन चार वर्षं दुकानात राबत होती, तरी गिऱ्हाइकं तिला 'नवी' म्हणत. ती कांदा चिरायची, पाव कापायची, मागच्या मोरीवर बशा धुवायची. तिला एकच हवं होतं, एकदा तरी शेगडीपाशी उभं राहायचं. "आई, आज मी भाजू?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "आधी पाव नीट काप."

अशात एका वर्तमानपत्राने शहरातलं सगळ्यात चांगलं सँडविच शोधायचं काढलं. नऊ दुकानं निवडली, त्यांत आमचं एक! शनिवारी अकराला परीक्षक येणार, असं पत्र आलं. खाली एक ओळ होती : स्वच्छतेलाही गुण असतील. आणि गुरुवारी मालकीणबाई पायरीवरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये. संध्याकाळी त्या नवीला एवढंच म्हणाल्या, "शनिवारी तू भाज."

नवीचे डोळे भरून आले. "आई, तुमचं नाव खाली जाऊ देणार नाही."

शनिवारी सकाळी सातलाच ती एकटी आली. तिने पत्र वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. पुन्हा पत्र वाचलं.

"शी! केवढी राप साचलीय," ती म्हणाली. "परीक्षक बघतील तर काय म्हणतील?"

आणि मित्रांनो, तिने गरम पाणी घेतलं! साबण घेतला! तारेची घासणी घेतली! अगं बाई, थांब, थांब, असा मी आतल्या आत ओरडत होतो. पण बिडाला कुठलं तोंड? तासभर ती गुणगुणत मला घासत होती आणि माझी तीस वर्षं काळं पाणी होऊन मोरीतून वाहून गेली. मला पाय नाहीत म्हणून, नाहीतर पायाखालची जमीनच सरकली असती. शेवटी तिने मला उजेडात धरलं आणि हसली. "आई बघतील तर खूश होतील!"

अकराला तीन परीक्षक आले, मागोमाग मालकीणबाई. नवीने मला भरलं, आचेवर धरलं, उघडलं. अर्धा पाव वर चिकटलेला, अर्धा खाली, मध्ये बटाटा लोंबतोय! दुसरं केलं, तेच. तिसरं केलं, तेच. चष्मेवाल्या परीक्षकबाईंची पेन्सिल थांबली.

तेवढ्यात मालकीणबाईंनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. झालं, आता पोरीची धडगत नाही! त्यांची जीभ मी एकतीस वर्षं ऐकतोय. त्यांचा सख्खा मुलगा, म्हणजे नवीचा नवरा, तेव्हाच पावाच्या क्रेटमागे सरकला होता.

"टोस्टर मी घासला," मालकीणबाई म्हणाल्या. "काल. म्हटलं पाहुणे येणार, जरा चकचकीत दिसावा."

मी थक्क झालो! परीक्षकबाईंनी त्यांच्या प्लास्टरकडे बघितलं, मग नवीच्या लालेलाल बोटांकडे बघितलं, आणि तीन चमचे मागितले. समोर आलेला काला तिघांनी चमच्याने खाल्ला. "चव सुरेख आहे," त्या उठताना म्हणाल्या, "पण याला सँडविच म्हणता येणार नाही हो." सोमवारी यादी छापून आली. नऊ दुकानांत आम्ही नववे.

पण ते नंतरचं. परीक्षक गेल्या गेल्या नवी रडायलाच लागली. "आई, खोटं का बोललात? चूक माझी होती."

"तुझी कशी?" मालकीणबाई स्टुलावर बसल्या. "याला पाणी लावायचं नाही, हे चार वर्षांत मी तुला एकदा तरी सांगितलं का? मला भीती वाटायची गं. तुला सगळं यायला लागलं, की माझं इथे काय काम उरलं?"

मला धक्का बसला तो इथे. इतकी वर्षं मला वाटत होतं, बाई मला जपताहेत!

मग त्यांनी डोळे पुसले. "आण तेल. अगं, वाटी नको, चार थेंब. फडकं कोरडं घे. हां, आता आच बारीक कर." त्या डाव्या हाताने दाखवत होत्या आणि नवी मला पुसत होती.

मित्रांनो, आज त्याला अकरा दिवस झाले. मी आता तपकिरी झालोय. एका कोपऱ्याला पाव अजून चिकटतो आणि गिऱ्हाइकं कुरकुरतात. पुरता काळा व्हायला मला पुन्हा सहा महिने लागतील. सांगायला मात्र दोन मिनिटं लागली असती. म्हणून एवढीच विनंती : तुमच्या घरात एखादी गोष्ट फक्त तुम्हालाच ठाऊक असेल, तर आज जेवायला बसायच्या आधी ती कोणाला तरी सांगून टाका.