सासरेबुवा छपरावर

धुकं असं उतरलं होतं, की समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं याचा पत्ताच लागू नये. धक्क्याच्या टोकाला बांधलेल्या होड्या पाण्यात नसून हवेतच लोंबकळत आहेत, असं वाटावं. आवाजसुद्धा भिजून यायचे. कुणी खोकलं, तर ते जवळ खोकलं की पलीकडच्या जन्मात, काही कळायला मार्ग नाही.

अशा धुक्यात कबुतरबाबा खुराड्याच्या दाराशी स्टूल टाकून बसले होते, आभाळाकडे तोंड करून. कालपासून. मान अवघडली, डोळ्यांना धार लागली, तरी उठायचं नाव नाही. काल सकाळी लख्ख उजेडात त्यांचा जावई विमान घेऊन गेला होता, सोबत मिस्त्री होता, आणि दुपारी धुकं आलं ते आलंच. विमान काही आलं नाही.

त्या काळची विमानं ती! होडीसारखं लाकडी पोट, वर कापडाचे पंख, आणि ते पंख ताणून धरायला इकडून तिकडे तारा. पाण्यावरून उडायचं, पाण्यावरच उतरायचं. बिनतारी यंत्र तेव्हा इतकं अवजड असे, की ते घेतलं तर मिस्त्रीला घरी ठेवावं लागलं असतं. आणि इंजिनाची लक्षणं पाहता मिस्त्रीला घरी ठेवणं कुणालाच परवडण्यासारखं नव्हतं. म्हणून प्रत्येक विमानात वेताच्या टोपलीतून एक कबुतर जायचं. विमान भर समुद्रात बंद पडलं, तर चिठ्ठी लिहायची, कबुतराच्या पायातल्या नळीत सरकवायची आणि सोडून द्यायचं. कबुतर घरी येतं. मग होड्या निघतात. एवढाच सगळा कारभार, आणि त्या कारभाराचे मालक म्हणजे कबुतरबाबा.

बाबांचा नियम एकच. कबुतराला पोटभर घालायचं नाही. "उपाशी पक्षी घरी येतो," ते म्हणायचे. "भरल्या पोटाचा पक्षी हवा खात बसतो. माणसाचंही तेच आहे म्हणा." कबुतरांना त्यांनी नावंसुद्धा ठेवली नव्हती. नाव ठेवलं की माया लागते, माया लागली की हात सैल सुटतो. पायातल्या कड्यावर आकडा, बस्स.

आणि नेमका असा माणूस जावई म्हणून पदरात पडला, की ज्याचा हात जन्मजात सैल!

मुळात हे लग्नच बाबांना मान्य नव्हतं. लेक एकुलती एक, आई लहानपणीच गेलेली. तिला एखादा जमिनीवरचा नवरा मिळावा, दुकानदार असो, शाळामास्तर असो, संध्याकाळी चपला दारात दिसाव्यात, एवढीच बापाची इच्छा. तर तिनं निवडला हा. उडणारा. दिसायला उंच, बोलायला गोड, आणि बाबांसारख्या माणसाची खोडी काढल्याशिवाय ज्याला चहा जायचा नाही असा. बाबा त्याच्याशी 'अहो जावईबापू' करून बोलायचे. पण त्या 'अहो'त मान नव्हता, अंतर होतं. जावई म्हणजे तळहातावरचा फोड, दाबवतही नाही आणि सोसवतही नाही.

त्यात त्यानं काय करावं? पंखावर पांढरा ठिपका असलेलं एक कबुतर होतं. मोठं तोऱ्याचं. छाती काढून चालायचं, एका डोळ्यानं माणसाला आपादमस्तक न्याहाळायचं आणि मान वळवायचं. जावयानं ते एकदा पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, पुन्हा कबुतराकडे पाहिलं आणि त्याचं नाव ठेवलं सासरेबुवा. झालं! विमानांचा अख्खा तळ हसून लोटपोट. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण गडी खिशात वाटाणे घालून यायचा, टोपलीचं झाकण उघडायचा आणि गायला लागायचा:

"या या सासरेबुवा, बसा सासरेबुवा,
राग ठेवा उंबऱ्यापाशी, हसा सासरेबुवा!"

आणि ते नालायक कबुतर टुणकन त्याच्या मनगटावर बसून वाटाणे खायचं.

काल सकाळी बाबांनी त्याला रंगेहाथ पकडलं होतं. "जावईबापू, पक्षी बिघडवलात तुम्ही," ते कडाडले. "उद्या पाण्यात पडलात ना, तर हे तुमच्या खिशाकडे बघत बसेल, घराकडे नाही. हे नेऊ नका. दुसरं देतो."

"सासरेबुवांना सोडून कसा जाऊ?" जावई हसत म्हणाला, टोपली उचलली आणि गेला. इंजिनाच्या आवाजात बाबा पुढे जे बोलले, ते त्याला ऐकू गेलं नाही. बाबा म्हणाले होते, "मरा तिकडे!"

आता ते दोन शब्द बाबांच्या घशात काट्यासारखे अडकले होते. गिळवत नव्हते, थुंकवत नव्हते. बोलून बसलो आणि मोकळा झालो, असं नसतं हो. आजवर ज्याला पाण्यात पाहिलं, तो आता खरोखरच पाण्यात होता. आणि घरात लेक होती, सातव्या महिन्याची गर्भार.

होड्या काल संध्याकाळपर्यंत फिरल्या होत्या. पण समुद्र म्हणजे काय अंगण आहे? कुठे शोधायचं, एवढं तरी कळायला हवं. ते सांगणारं एकच कुणी होतं, आणि त्याला बाबांनीच बिघडलेलं म्हटलं होतं.

चहाचा पेला घेऊन लेक आली. काल धुकं उतरल्यापासून ती रडली नव्हती, आणि बाबांना त्याचीच भीती वाटत होती. तिनं पेला बाबांच्या हातात दिला, पाठीवर हात ठेवला आणि तीही वर बघायला लागली. दोघं अशी दिसत होती, की पाहणाऱ्याला वाटावं, धुक्यानंच ही दोन माणसं काढली आहेत आणि मनात आलं तर पुसूनही टाकील.

"बाबा," ती म्हणाली, "छपरावर कोण आहे?"

बाबांनी मान वळवली. खुराड्याच्या उतरत्या छपरावर, समुद्राच्या बाजूला, अगदी टोकाशी धुक्याचा एक गोळा इतरांपेक्षा जरा जास्त काळा होता. तो हलला. त्यानं छाती काढली. पंखावरचा पांढरा ठिपका दिसला.

बाबांच्या हातातला पेला पडला. "आलं! अहो, आलं!" ते ओरडले, आणि तळावरून माणसं धावत आली. तळाचे साहेब आले, होडीवाले आले, शिवणखात्यातल्या पंख शिवणाऱ्या बाया सुया हातात तशाच घेऊन आल्या. कबुतराच्या पायात नळी होती. नळीत चिठ्ठी असणार. चिठ्ठीत ठिकाण असणार. सगळं समोर, आणि हाताला एक वीत लांब.

बाबांनी दाण्याचा डबा वाजवला. आतली झाडून सगळी कबुतरं फडफडत दाराशी जमली. छपरावरचं मात्र जागचं हललं नाही. बाबांनी पुन्हा डबा वाजवला. हूं नाही की चूं नाही. एका डोळ्यानं त्यांनी, म्हणजे कबुतरानं, खाली पाहिलं आणि मान वळवली.

"शिडी लावा," कुणीतरी म्हणालं.

"शिडी लावली की उडेल," बाबा म्हणाले. "आणि या धुक्यात एकदा उडालं की गेलं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. दिवस कलायला लागला होता. अंधार पडल्यावर होड्या सोडून उपयोग नव्हता, आणि आणखी एक रात्र त्या कापडी विमानानं पाण्यावर काढली नसती. ते हलकेच म्हणाले, "कबुतरबाबा, बंदूक मागवतो. मला वाईट वाटतं, पण तिकडे दोन माणसं आहेत."

"आणि पलीकडे समुद्रात पडलं तर? ओहोटी आहे साहेब. चिठ्ठीसकट वाहून जाईल." बाबांनी दुर्बीण मागून घेतली. छपराच्या कडेवरून ती हळूहळू सरकवत नेली. मग दिसलं. मान, डोळा, आणि गळ्याखालची धान्याची थैली. ती टम्म फुगलेली होती.

बाबांनी दुर्बीण खाली घेतली. हळूच.

"काय झालं बाबा?" लेक घाबरली.

"पोट भरलंय त्याचं," बाबा म्हणाले. "गच्च. म्हणून येत नाही मेलं. अगं, यांचं खाल्लेलं फार वेळ टिकत नाही. आज खाल्लंय ते. आज दुपारी." त्यांनी लेकीकडे पाहिलं, आणि कालपासून अडकलेला काटा एकदम सुटल्यासारखा त्यांचा आवाज फुटला. "आज कुणीतरी त्याला हातानं भरवलंय. समुद्रात वाटाणे उगवत नाहीत. आज दुपारपर्यंत तुझा नवरा जिवंत होता!"

आणि मग लेक रडली. तोंडावर पदर धरून, गदगदून. रडतारडताच म्हणाली, "बाबा, ते गाणं म्हणा."

"कुठलं गाणं?"

"तुम्हाला माहीत आहे कुठलं."

"तू म्हण."

ती म्हणाली. पातळ, ओल्या आवाजात दोन्ही ओळी म्हटल्या. कबुतरानं मान तिरकी केली, एक पाऊल पुढे टाकलं, आणि थांबलं. आवाज ओळखीचा नव्हता. "त्याला पुरुषी आवाजाची सवय आहे," ती म्हणाली. "जाड. तुम्हीच म्हणा."

बाबांनी भोवती पाहिलं. साहेब, होडीवाले, शिवणाऱ्या बाया. उभ्या जन्मात बाबांनी कुणासमोर गाणं म्हटलं नव्हतं. आणि म्हणायचं ते काय, तर आपलीच चेष्टा! पण अब्रू घेऊन काय करायचं, लोणचं घालायचं? त्यांनी टोपी काढली, मनगट पुढे केलं, घसा खाकरला आणि फुटक्या भांड्यासारख्या आवाजात सुरुवात केली:

"या या सासरेबुवा... बसा सासरेबुवा..."

कुणीही हसलं नाही. धुकं जवळ सरकून ऐकत होतं.

"राग ठेवा उंबऱ्यापाशी..." इथं बाबांचा आवाज चिरकला. ते थांबले, त्यांनी मनगटानंच डोळे पुसले आणि तेच ओलं मनगट पुन्हा पुढे केलं. "या हो. राग ठेवा उंबऱ्यापाशी. चुकलं माझं. या."

छपरावरून एक करडा तुकडा सुटला. पंखांचा आवाज आला, वारा गालाला लागला, आणि सासरेबुवा सासरेबुवांच्या मनगटावर येऊन बसले.

चिठ्ठी बाबांनी उघडली, पण वाचता येईना. अक्षरं पोहत होती. साहेबांनी वाचली. इंजिन बंद आहे, दोघं ठीक आहोत, काळ्या खडकांच्या पलीकडे उत्तरेकडे वाहत चाललो आहोत. होड्या सुटल्या. त्यांचे कंदील धुक्यात शिरले, पिवळे झाले, फिकट झाले आणि दिसेनासे झाले. बाबा आणि लेक धक्क्यावर उभे राहिले. बाबांच्या कोटात, छातीशी, कबुतर होतं. त्याची धडधड आणि आपली धडधड यातली कुठली कुणाची, हे बाबांना कळत नव्हतं.

दिवे लागायच्या सुमाराला कंदील परत दिसले. जेवढे गेले होते तेवढेच. पण त्यांच्यामागे दोरानं बांधलेलं काहीतरी मोठं, पांढरट, स्वप्नात चालावं तसं तरंगत येत होतं. एक पंख मोडला होता. पंखावर दोन माणसं बसली होती आणि त्यातलं उंच माणूस हात हलवत होतं.

लेक पुढे धावली. बाबा मागेच राहिले. जावई किनाऱ्यावर आला, बायकोला पोटाशी धरलं आणि तिच्या खांद्यावरून बाबांकडे पाहिलं. ओठ फुटले होते, डोळे खोल गेले होते, पण खोडकरपणा जागच्या जागी.

"तुमचं खरं झालं, बाबा," तो म्हणाला. "सोडलं की परत यायचं. चार हात उडायचं आणि पुन्हा येऊन पंखावर बसायचं. खिशाकडे बघत."

"मग गेलं कसं?"

मिस्त्री हसायला लागला. भिजलेला, कुडकुडणारा माणूस, पण पोट धरून हसला. "अहो, यांनी तुमचा आवाज काढला! 'नियम म्हणजे नियम! लाड पुरे झाले! चालते व्हा घरी!' काय कडाडले! मीसुद्धा घाबरून उठून उभा राहिलो. कबुतर जे उडालं, ते मागं वळून बघेना."

"आणि ते गेल्यावर हे रडले," मिस्त्री पुढे म्हणाला. पण जावयानं त्याला कोपरानं ढोसलं.

बाबांनी जावयाकडे पाहिलं. बोलायचं पुष्कळ होतं. ते दोन शब्द परत घ्यायचे होते. पण तोंडातून एवढंच आलं, "शेवटचं किती घातलंत त्याला?"

"होतं नव्हतं ते सगळं," जावई म्हणाला. "म्हटलं, लांबचा पल्ला आहे."

पुढे विमानाला नवा पंख बसला, बायांनी नवं कापड शिवलं, आणि एका स्वच्छ सकाळी जावई पुन्हा निघाला. लेकीनं न्याहारी वाढली. पाव, अंडी, ऊन ऊन दूध. त्यानं पहिला पाव संपवला आणि दुसऱ्याला हात घातला, तोच बाबांनी समोरची ताटली ओढून घेतली.

"अहो बाबा!" लेक ओरडली. "दिवसभर उडायचंय त्यांना. पोटभर तरी खाऊ द्या!"

बाबांनी ताटलीवर झाकण ठेवलं आणि ती फळीवर ठेवून दिली. मग जावयाच्या कोटाची कॉलर नीट केली, जरा जास्तच वेळ लावून. लग्नानंतर पहिल्यांदाच ते त्याला 'अहो' म्हणाले नाहीत.

"अर्धपोटीच जा, बाळा," ते म्हणाले. "उरलेलं घरी येऊन खा."