गुरुजींच्या डाव्या कानाचा ॲम्प

या हो, जरा जवळ सरकून बसा. माय, तुम्ही त्या खांबाला टेका, पाठ दुखायची नाही. आणि पोरांनो, मोबाइल खिशात. आज पुराणातली कथा नाही, सौसरच्या बाजारातली आहे. हिच्यातही राक्षस आहे, पण तो डोंगरात राहत नाही. लाकडी पेटीत राहतो आणि विजेवर चालतो. ऐकता ऐकता नाकाला पदर लावावासा वाटला तर खुशाल लावा, मी रागावणार नाही.

पांढुर्ण्याचे केशवराव गुरुजी. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवली आणि आयुष्यभर कीर्तनं ऐकली. कुठं सप्ताह बसला कळलं की निघालेच. पुढच्या ओळीत मांडी घालायची आणि बुवांचा शब्द न् शब्द पिऊन यायचं. पण म्हातारपणी उजवा कान साफ गेला. डावा उरला, तर नागपूरच्या डॉक्टरनं सांगून टाकलं, हाही फार दिवसांचा सोबती नाही. वर कानात घालायचं एक यंत्र दिलं. त्या यंत्राची गुरुजींना मनापासून शिसारी. त्यातून शब्द मोठा होत नसे, कचरा मोठा होई. पंख्याची घरघर, ताटांचा खणखणाट, शेजाऱ्याचं खाकरणं, सगळं कानात शिरून ठाण मांडी.

आणि मंडपवाल्यांचं तर विचारूच नका. आपल्याकडे माइक लावला की ‘इको’ फिरवलाच पाहिजे, जणू शास्त्रातच सांगितलंय. बुवा एकदा ‘राम’ म्हणतात, भोंगा चारदा ओकतो. पहिला राम दुसऱ्याच्या अंगावर, तिसरा त्या दोघांच्या चिखलात. एका गावी गुरुजी अर्ध्या कीर्तनातून उठून बाहेर आले आणि बाभळीखाली उभे राहिले, तर त्यांना खरोखर मळमळलं. देवाच्या नावाचा असा लगदा ऐकवेना. तेव्हापासून जाणं बंद.

त्यांची मुलगी अश्विनी बँकेत नोकरीला. संध्याकाळी तिगावच्या एका संत्र्याच्या शेडमध्ये दोन मैत्रिणींसोबत गिटार वाजवायची. त्या संगीताला म्हणतात मेटल. आवाज मुद्दाम खरबरीत करायचा, फाडायचा, आणि त्या फाटक्या आवाजातून सूर चालवायचा. गुरुजी एकदा ऐकायला गेले, क्रेटवर बसले. तिच्या छोट्या ॲम्पमधून, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीतून, त्यांना एवढंच ऐकू आलं, की डबक्यात म्हैस लोळते आहे. घरी येताना म्हणाले, “छान.”

अश्विनीला तो ‘छान’ उष्ट्या घासासारखा लागला. बाबा कशालाही उगाच छान म्हणत नाहीत. ज्याअर्थी म्हणाले, त्याअर्थी काहीच ऐकलं नाही. तिनं मनाशी धरलं, बाबांचा हा कान जाण्याआधी एकदा, एकदाच, आपलं वाजवणं त्यांच्यापर्यंत नीट पोहोचलं पाहिजे. मग काय म्हणायचं ते म्हणोत.

म्हणून दोघं सौसरला निघाली. वाटेत जामसांवलीला उतरून पहुडलेल्या मारुतीचं दर्शन घेतलं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, “बाबा, काय मागितलं?”

“काई नाही. आपण बाजाराले चाललो. देवाले काय थैली धराले सांगू?”

सौसरला रवींद्रचं दुकान. हा गुरुजींचा जुना विद्यार्थी. लग्नाचे भोंगे, माइक, नागपूरच्या बँडवाल्यांनी टाकून दिलेले ॲम्प, सगळं त्याच्याकडे. दुकानात पाऊल टाकताच तंबाखू-सुपारीचा खर्रा, जळकी वायर आणि उंदराच्या लेंड्या यांचा एकत्र भपकारा आला. रवींद्रनं गुरुजींच्या पाया पडून तशीच मान मागं वळवली आणि गालातला खर्रा कोपऱ्यातल्या बादलीत थुंकला. नेम थोडा चुकला. गुरुजींनी डोळे मिटले.

“अश्विनी, तुह्यासाठी राक्षस ठेवला वं, राक्षस!” रवींद्र म्हणाला.

“राक्षस नाही पाह्यजे दादा. घट्ट आवाज पाह्यजे. तारेवर हात ठेवला की बंद, उचलला की चालू. आणि प्रत्येक तार येगळी आयकू आली पाह्यजे.”

“अवं, आधी आयक तं!”

तंबाखूनं पिवळं झालेलं बोट त्यानं पँटला पुसलं, न पुसल्यासारखंच, आणि त्या बोटानं एकेक नॉब उजवीकडे शेवटपर्यंत पिळला. कपाटाएवढी पेटी होती. अश्विनीनं तार छेडली मात्र, छताचे पत्रे थरथरले आणि वरची जळमटं खाली आली. आवाज कसला, फुगलेलं संत्रं! वरून गलेलठ्ठ, सोललं की आत कोरड्या फोडी आणि त्यात वळवळणारी अळी.

“दमदार आहे का नाही?” रवींद्र ओरडला. “थांब, इको टाकतो!”

इको पडला.  गुरुजींनी कानातलं यंत्र उपटून खिशात टाकलं आणि दुसरा हात वर केला.

आता कीर्तनातली रीत तुम्हाला माहीत आहे. बुवांनी हात वर केला की टाळ, मृदंग, हार्मोनियम, सगळं जिथल्या तिथं थांबतं. ज्याचा टाळ त्यानंतर एकदा किणकिणला, त्याच्याकडे अख्खा मंडप मान वळवून बघतो. अश्विनी लहानपणापासून बापाच्या मांडीवर बसून हेच बघत वाढली. हात वर गेलेला दिसला आणि तिचा तळवा आपोआप तारांवर पडला. बोटं थांबली. पेटी मात्र थांबेना. दारुड्यानं भांडण सुटल्यावरही नालीत पडून शिव्या घालत राहावं, तशी ती गुरगुरत राहिली.

अश्विनी पेटीकडे बघत राहिली. मग बापाच्या डाव्या बाजूला येऊन मोठ्यानं म्हणाली, “बाबा, आता असंच करा. मी वाजवते, तुमच्या मनात येईल तवा हात वर करा. मी तं थांबतेच. ही पेटी थांबते का, ते तुम्ही सांगा.”

दुसरा ॲम्प लावला. तो थांबला, लगेच थांबला. पण वाजला होता कुठं? कानापाशी डास, आणि डासाच्या हातात खिळा. गुरुजींची दाढ शिवशिवली. “हा तं आधीच मेलेला आहे,” ते म्हणाले.

रवींद्र वैतागला. “गुरुजी, तुमच्या पोरीले अजून काय पाह्यजे? सोन्याचा आवाज?”

अश्विनीचं लक्ष तोवर कोपऱ्यात गेलं होतं. ती थुंकीची बादली एका काळ्या पेटीवर ठेवलेली होती. चुकलेल्या नेमांचे वाळके ओघळ पेटीच्या अंगावरून खालपर्यंत आलेले. मागच्या जाळीतून जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या ट्यूबा दिसत होत्या, ओळीनं बसलेल्या.

“दादा, हा ट्यूबवाला आहे! याच्यावर बादली?”

“तो खराब आहे. बटन दाबलं तं हूं नाही का चूं नाही.”

“दाबून किती थांबला होता?”

“थांबाचं कायले? वाजला असता तं वाजला असता.”

“ट्यूब आधी तापू द्या लागते. आणि हे दुसरं बटन कोण दाबणार?”

“दुसरं बी आहे काय?” रवींद्रनं वाकून पाहिलं.

पेटी बाहेर काढायची तर हात लावणं आलं. रवींद्रनं बादली उचलली आणि पोतं शोधायला लागला. अश्विनीनं ओढणी पुढं केली. तेवढ्यात गुरुजी उठले. अंगावर एक शिंतोडा उडाला तर आंघोळ करणारा माणूस! खांद्यावरचा पांढराशुभ्र दुपट्टा त्यांनी काढला, तोंड फिरवलं, श्वास रोखला आणि त्या पेटीवरचे ओघळ पुसायला लागले. मध्येच उमासा आला. दाराशी जाऊन मोकळी हवा घेतली आणि परत येऊन राहिलेली बाजू पुसली. दुपट्टा तिथंच टाकून दिला.

बटण दाबलं. तिघं उभी. हळूहळू काचेत निखाऱ्यासारखा उजेड धरला. मग अश्विनीनं दुसरं बटण दाबलं आणि नॉब फिरवले. गेन, म्हणजे आवाज फाडणारा नॉब, अर्ध्यावर आणला, बेस उतरवला, मधला सूर चढवला.

“गेन कमी करून काय आरती वाजवतं?” रवींद्र हसला.

“गेन लय झाला की साऱ्या तारा एकमेकीच्या अंगावर पडतेत, दादा. तुह्या भोंग्यासारख्या.”

तिनं वाजवायला सुरुवात केली. आवाज जाडच होता, खरबरीतही. पण त्याला कडा होत्या. गुरुजींनी हात वर केला.

सगळं थांबलं. असं थांबलं, की त्या शांततेत गुरुजींच्या डाव्या कानाला, यंत्राशिवाय, रवींद्रचं पचपच चघळणं ऐकू आलं. त्यांनी शिसारीनं त्याच्याकडे पाहिलं. रवींद्र चघळायचा थांबला. हात खाली आला, आवाज उभा राहिला. हात वर, पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा मात्र गुरुजींनी हात वर केला नाही. मान डावीकडून पुढं काढून ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. अश्विनीची नजर तारांवर नव्हती, त्यांच्या तोंडावर होती.

संपलं. गुरुजींचं तोंड कारल्याचा रस प्यायल्यासारखं झालं होतं.

“शी!” ते म्हणाले.

“काय झालं बाबा?”

“हे वाजवतं तू? रोज? बाप्पा रे! दोन रेडे भांडून राहिले, आणि त्याईच्या मधात कोणतरी पाटे-वरवंटे फेकून राहिलं. याले संगीत म्हणतेत?”

अश्विनी गिटारचा पट्टा खांद्यावरून काढायला लागली.

“आणि त्या मधल्या तुकड्यात तुही करंगळी घसरली. तो तुकडा दोनदा आला, दोन्ही वेळा तिथंच. ताल सुटला. कोणी सांगितलं नाही तुले?”

तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही फुटलं. ती करंगळी खरंच घसरायची. शेडमधल्या मैत्रिणींनाही आजवर कळलं नव्हतं.

“तुम्हाले आयकू आलं?”

“आयकू आलं म्हणूनच तं सांगून राहिलो! घाण आहे, पण एकेक सूर येगळा लागते. भोंग्यावरच्या रामासारखी खिचडी नाही.” गुरुजी स्टुलावर टेकले. “हाच घे. आणि आता पुन्हा वाजव. तो घसरलेला सूर नीट लाव, तवाच घरी जाऊ.”

रवींद्र दारात बादली धरून उभाच होता. तिला ठेवायला आता जागा नव्हती.

मंडळी, डॉक्टर खोटं बोलला नव्हता. तो कान पुढं गेलाच. पण जाईपर्यंत गुरुजी तिगावच्या शेडमध्ये रोज संध्याकाळी क्रेटवर बसले, रोज नाक मुरडलं, रोज एक चूक काढली, आणि ‘छान’ हा शब्द एकदाही तोंडातून काढला नाही. पोरीनं तेवढंच मागितलं होतं. तुम्ही उद्या देवापुढं हात जोडाल, तेव्हा एवढं करा. आपल्या लेकराबाळांची नावं घेऊन झाली, की केशवराव गुरुजींचंही एकदा नाव घ्या.