वरवंट्याचं टोपडं

आमच्या ह्यांना आयुष्यभर सगळं सरळ लागलं. कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, त्यामुळे भिंतीवरचं कॅलेंडर बोटभर तिरकं झालं तरी घास घशाखाली उतरायचा नाही. असा माणूस निवृत्त झाल्यावर लाकूड वाकवायला निघाला, तेव्हाच मी देवापुढे एक जादा वात लावायला हवी होती.

कारण मात्र गोड होतं. आमची मंजुषा बाळंतपणाला माहेरी आली होती आणि पाळणा माहेरचा असतो. मंजुषाच्या स्वतःच्या बारशाला आमच्याकडे पाळणा नव्हता. शेजारून मागून आणला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा माणूस परत न्यायला आला, तेव्हा झोपलेल्या पोरीला उचलून तो द्यावा लागला. मी ते विसरले होते. हे विसरले नव्हते. "तुझं बाळ माझ्या हातच्या पाळण्यात झोपेल," असा ह्यांनी लेकीला शब्द दिला. तिचे डोळे भरून आले. माझेही आले, पण मला पुढचं दिसत होतं म्हणून.

मनमाडहून विहीणबाईंचा फोन आला, की आमच्याकडे स्टीलचा तयार पाळणा फार छान मिळतो, पाठवून देऊ का? "स्टीलची खाट दवाखान्यात असते," हे म्हणाले. झालं. आता माघार घ्यायची सोय राहिली नाही.

ह्यांच्या पाळण्याचा तळ होडीसारखा गोल होता. खालून अर्धगोल वळवलेल्या पट्ट्या आणि त्यांवर गादी. दोन्ही बाजूंना सरळ चौकट, तिला मधोमध टांगलेला पाळणा. चौकट चार दिवसांत झाली, कारण ती सरळ होती. पट्ट्यांसाठी हे नाशिकच्याच द्वारका चौकात रहेमानभाईंच्या लाकडाच्या वखारीत गेले. रहेमानभाईंनी तुतीचं लाकूड दिलं. "साहब, तुती वाकते. फक्त प्यारसे घ्यायचं." प्यारसे म्हणजे किती डिग्रीला, असं ह्यांनी त्यांना विचारलं.

लाकडाला वाफ दिली की ते मऊ पडतं, हे मला पोळ्या लाटता लाटता समजावून सांगण्यात आलं. वाफेसाठी अर्थातच माझा कुकर. शिट्टी काढून तिथे रबरी नळी, नळीचं दुसरं टोक प्लॅस्टिकच्या जाड पाइपात, आणि पाइपाच्या पोटात लाकूड. तासाभराने बघतो तर लाकूड सरळच्या सरळ, आणि पाइप मात्र मधोमध पोट सुटून लोंबत होता. मग लोखंडी पाइप आला. त्यातून मऊ पट्टी काढून हे स्वयंपाकघरातून गच्चीवरच्या साच्याकडे धावले, पण दोन जिने चढेपर्यंत पट्टी गार झाली आणि वाकवताना काडकन मोडली. मग कुकर गच्चीवर गेला आणि आम्ही वरण पातेल्यात शिजवू लागलो.

एकदाची एक पट्टी वाकली. साच्यावर आवळून ठेवली, आठवडाभर तिला कुणी हात लावायचा नाही. आठवड्याने शिकंजे सोडले तर माहेरी आलेल्या लेकीसारखी ती हळूहळू अंग सैल करत पसरली. "हे अपेक्षितच होतं," हे म्हणाले. अपेक्षित असतं तर आधी का नाही सांगितलं, हा प्रश्न मी गिळला. मग पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून वळवायची पद्धत आली. ती म्हणे सगळ्यात भक्कम. त्या पट्ट्या आवळायला माझे कपड्यांचे सगळे चिमटे गेले आणि माझ्या साड्या शेजारच्यांच्या गच्चीवर. पण डिसेंबरातली नाशिकची थंडी, गोंद वाळेचना.

आणि नात पंधरा दिवस आधीच आली.

बारसं बाराव्या दिवशी. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यांनी सगळ्यात झटपट पद्धत धरली. पट्टीच्या आतल्या बाजूने करवतीने बारीक चिरा देत जायच्या, म्हणजे सुकं लाकूडसुद्धा गुमान वळतं. चिरांत भुसा आणि गोंद भरायचा, वरून पॉलिश. खरं सांगते, पाळणा देखणा झाला. मुद्दाम बघायला आलेल्या रहेमानभाईंनी तळ हाताने दाबून पाहिला आणि म्हणाले, "एक नंबर, साहब. दुकानात ठेवला तर आत्ता जाईल." दोन दिवस ह्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

फक्त एक राहिलं होतं. ह्यांना पाळणा हलवून बघायचा होता. मी आडवी उभी राहिले.

"रिकामा पाळणा हलवायचा नाही."

"अगं, कारखान्यातून साधं स्टूल चाचणीशिवाय बाहेर जात नव्हतं."

"माझी नात काय कारखान्यात जन्मली?"

"बरं, पिठाचा डबा ठेवून हलवतो."

"पिठाचं बारसं घालायचंय का?"

मंजुषाही माझ्याच बाजूने. "बाबा, नका ना, मनात उगाच काहीतरी येतं." लेकीपुढे ह्यांचं काही चालत नाही. मग त्यांनी चाचणी कागदावर घेतली. बाळाचं वजन, ते प्रत्येक पट्टीवर सारखं कसं वाटलं जातं, त्याच्या चौपट भार कसा सहज पेलला जाईल, सगळं पट्टीने आखून. तो कागद मला दाखवला. मी मान डोलावली.

बारशाला हॉल भरला. मनमाडच्या विहीणबाई पाळण्याभोवती दोनदा फिरल्या आणि "हाताने केलाय? वा," एवढंच म्हणाल्या. ह्यांना तेवढं पुरलं. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या नवसाबाईंनी माझ्या सांगण्यावरून वरवंटा धुऊन पुसून आणला. माझ्या पाट्याचा वरवंटा. एका हाताने उचलत नाही. त्याला कुंकू लावलं, झबलं गुंडाळलं, टोपडं बांधलं.

"दगडाला टोपडं!" हे जावयांना ऐकू जाईल असं म्हणाले. "एकविसावं शतक चालू आहे म्हणे."

"आदी वरवंटा, मंग बाळ," नवसाबाई म्हणाल्या. "आमच्यात तसंच हाय, तुमच्यात बी तसंच हाय. सरका साहेब."

वरवंटा गादीवर ठेवला. बायकांनी पाळण्याचं गाणं सुरू केलं आणि नवसाबाईंनी झोका दिला. बाळ गादीवर पसरून झोपतं. वरवंटा गोल, तो झोक्याबरोबर घरंगळत कडेला गेला आणि सगळा भार घेऊन एकाच पट्टीच्या वळणावर बसला. दुसऱ्या झोक्याला ती पट्टी चिरेचिरेतून उघडली. तिच्यामागे शेजारची. मग धाडकन आवाज झाला, आणि वरवंटा टोपड्यासकट फरशीवर. फरशीला भेग पडली, वरवंट्याचा टवका उडाला.

गाणं थांबलं. बाळ मंजुषाच्या मांडीवर होतं, तिने त्याला घट्ट छातीशी धरलं. सगळ्यांच्या मनात एकच चित्र होतं.

"पाळणा दगडासाठी केलाच नव्हता," हे म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. मग माझ्याकडे वळून, "तू हलवून बघू दिला नाहीस."

"आणि वरवंटा मीच घालायला लावला," मी म्हणाले. दोन्ही खरं होतं.

विहीणबाईंनी तोंड उघडलं होतं, बहुधा स्टील म्हणायला. त्यांनी ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. मला त्या बाई तेव्हा पहिल्यांदा आवडल्या.

वेळ नवसाबाईंनी सावरली. तुटका पाळणा सोडवला, माझं जुनं सुती पातळ मागितलं आणि त्याची झोळी चौकटीला बांधली. चौकट ह्यांचीच. ती हलली नाही. पातळाला ना वाफ लागली, ना साचा. बांधल्या क्षणी हवं तसं वळलं.

"आणा बाळ," नवसाबाई म्हणाल्या.

"थांबा," हे म्हणाले.

त्यांनी खाली बसून वरवंटा उचलला. टोपडं एका बाजूला गेलं होतं, ते सरळ केलं, नाडी पुन्हा बांधली. मग दोन्ही हातांनी वरवंटा झोळीत ठेवला आणि झोका दिला. पुन्हा दिला, जरा जोरात. वाकून गाठी बघितल्या. पुन्हा झोका. बायका ताटकळल्या, आरतीचं निरांजन विझलं, कुणीतरी ते पुन्हा लावलं.

"साहेब, द्या ना आता बाळ," नवसाबाई हळूच म्हणाल्या.

ह्यांचा हात थांबेना. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पुरे, असं मी म्हणाले नाही. मंजुषाच शेवटी उठून ह्यांच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हीच ठेवा तिला."

नाव ठेवेपर्यंत हे कोपऱ्यात वरवंटा मांडीवर घेऊन बसले होते, उडालेल्या टवक्यावर अंगठा फिरवत. नाव काय ठेवलं, ते मला त्यांना नंतर सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी चटणी वाटायला वरवंटा मागितला, तर म्हणाले, "आज मिक्सरमध्ये कर." टोपडं अजून त्याच्या डोक्यावरच होतं.