शामकांत भाऊसाहेबांचं 'वरीलप्रमाणे'

तिसगावच्या शाळेत शामकांत भाऊसाहेबांनी चौतीस वर्षं हेडक्लार्की केली. त्या काळात त्यांनी भरलेला एकही अर्ज कुठूनही परत आला नाही. त्यांच्या टेबलावरून परत गेलेले अर्ज मात्र मोजण्यापलीकडचे. निवृत्तीनंतर गाव ऑनलाइन अर्जही त्यांच्याकडूनच भरून घेई.

त्या दिवशी समोर छबूबाई बसल्या होत्या. नगरच्या प्रदर्शनात त्यांना पापड-कुरडयांचा स्टॉल हवा होता आणि अर्जाची मुदत पाच वाजेपर्यंतच होती. भाऊसाहेबांनी 'कायमचा पत्ता' पिनकोडासकट भरला. खाली 'सध्याचा पत्ता' आल्यावर हाताच्या सवयीनं टाकलं --"-- . म्हणजे वरीलप्रमाणे. ही खूण न कळणारा कारकून अजून जन्मायचा होता.

पडद्यावर आलं, 'प्रवेश नाकारला.'

"परत आला का वं अर्ज?" छबूबाईंनी विचारलं.

"परत कसा येईल? गेलाच नाही."

भाऊसाहेबांनी पाच वेळा पाठवला. सहाव्यांदा साइटच उघडेना.

"सव्वाचार झालं, भाऊसाहेब. कुरडया काय तुमच्या वट्यावर इकू?"

साइट हर्षलनं बनवली होती. त्यांच्याच शाळेतला, आता पुण्यात असतो. भाऊसाहेबांनी फोन लावला. पलीकडे बटणं वाजली आणि मग हसू.

"भाऊसाहेब, तुम्ही हल्लेखोरांच्या यादीत आहात. पाच हल्ले!"

"मी? अरे, मी उभ्या जन्मात डास सोडून कुणावर हात उचलला नाही."

"साइटपुढं फायरवॉल बसवलीय. आत येणारं अक्षर न् अक्षर ती तपासते. अवतरणचिन्ह आणि त्याला लागून दोन रेघा, ही डेटाबेस फोडणाऱ्यांची खूण. तिला वाटलं, तुम्ही कुलूप तोडताय."

"ते वरीलप्रमाणे आहे!"

"ते तिला कुठलं कळायला? ओपन सोर्स आहे ती. फुकट मिळते, नियम कुणालाही वाचता येतात. जगभरचे लोक मिळून लिहितात, बरेचसे बिनपगारी."

"बिनपगारी, आणि एवढे कडक?"

"दहावीच्या दाखल्याचा माझा अर्ज तुम्ही तीनदा परत केला होता, भाऊसाहेब. समास सोडला नव्हता म्हणून."



"समास सोडायलाच हवा," भाऊसाहेब म्हणाले. आवाज मात्र खाली आला होता.

"पाच हल्ल्यांनंतर तिनं तुमच्यावर घातलेली बंदी उठवलीय. तुमच्या खुणेसाठी नियमात एक अपवादही घालून टाकतो. दोन मिनिटांचं काम."

अपवाद! चौतीस वर्षांत भाऊसाहेबांनी तो सख्ख्या मेव्हण्यालाही दिला नव्हता.

"नको. उद्या चोरही वरीलप्रमाणे लिहून आत शिरतील."

"आवं, मग पत्ता पुन्यांदा लिवा की!" छबूबाई कडाडल्या. "बोटं झिजत्यात व्हय?"

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. एकच पत्ता एकाच अर्जावर दुसऱ्यांदा लिहिण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. घर, गाव, तालुका पाथर्डी, पिनकोड. पाचला दहा कमी असताना पडद्यावर आलं, 'अर्ज स्वीकारला.'

छबूबाईंनी छापून निघालेली पोच घडी करून कमरेच्या पिशवीत घातली.

"उद्या आमच्या सृष्टीचा भरायचाय, कालिजचा. पत्ता ह्योच, वरलाच."

"वरला-बिरला चालणार नाही," भाऊसाहेब म्हणाले. "पूर्ण सांगायचा."