आखाड्याचा रकाना

मित्रांनो, तुम्हाला मला हात लावून बघता येणार नाही, पण थकवा मलाही येतो. जालन्यात गुरांचा एक फिरता दवाखाना आहे. त्याच्या वेबसाइटमधला मी जुना तक्ता. कोणाचं जनावर कुठे बांधलंय हे मी सांगायचं आणि डॉक्टरांनी मोबाइलवर बघून तिथे पोहोचायचं.

गंधालीताईंनी मला घडवलं. मालक, फोन, जनावर, गाव आणि आखाडा, एवढेच माझे रकाने. आखाडा म्हणजे शेतातला गोठा. आमच्याकडे घर गावात आणि गुरं आखाड्यावर, म्हणून तो रकाना हवाच. मी इमानाने राबलो. डॉक्टर अंगद तर म्हणायचे, "ह्याच्यामुळं बराबर गोठ्यात जातो आपण."

पुढे ताई पुण्याला गेल्या आणि वेबसाइट सांभाळायला त्यांच्या जागी पार्थ आला. पोरगा हुशार. वेबसाइट चालू असतानाच माझे रकाने बदलता येतील अशी सोय त्याने केली. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली, माझे मात्र नाकी नऊ आले. आज शिंगांचा रकाना घाला, उद्या तोच काढा. डॉक्टर रस्त्यावर असोत की गोठ्यात, माझी उलथापालथ सुरूच. दमलो हो मी.

एका दुपारी केदारखेड्याहून चतुराबाईंचा फोन आला. गाय विताना अडली होती. फोन घरीच चार्जिंगला लावून, दाराला कुलूप घालून म्हातारी आखाड्यावर पळाली. अंगद निघाले. इकडे पार्थला वाटलं, गाव लिहिलेलं असताना आखाडा कशाला? त्याने तो रकाना काढून टाकला. वाटेत अंगदांनी मोबाइल बघितला, तर नुसतं गाव. ते घरी गेले. दाराला कुलूप, आत फोन वाजतोय. विचारत विचारत आखाडा सापडेपर्यंत फार उशीर झाला.

"कव्हाची वाट पाहून राह्यले मी, डाक्टर! मागं तुमच्याच दवाखान्याचे ते दुसरे डाक्टर तर किती जल्दी आल्ते," चतुराबाई रडत म्हणाल्या.

"मावशी, आखाडा कुठंय तेच दिसंना आज," अंगद म्हणाले आणि बाह्या वर करून खाली बसले.

गाय वाचली. कालवड पोटातच गेली होती.

मित्रांनो, मला बदलूच नका असं माझं म्हणणं नाही. माणसांच्या गरजा बदलतात, तसं मलाही बदलावं लागतं. पण एखादा रकाना काढण्याआधी, त्याच्या भरवशावर आत्ता कोण घरातून निघालंय, एवढं विचारत जा.

पार्थने संध्याकाळी खजील होऊन आखाड्याचा रकाना परत आणला. त्यातले पत्तेही सगळे परत आले. कालवड परत आणायची सोय माझ्यात नाही.