वजनानं लावलेल्या जोड्या

स्थळ मी आणलं होतं, त्यामुळे कांदेपोह्यांऐवजी हेल्मेट घालायची वेळ आली तेव्हा दोन्ही घरांनी माझ्याकडेच बघितलं. पण अट माझ्या भाचीची, मृण्मयीची.

"मावशी, पोहे खाताना सगळेच गुणी दिसतात. घाबरल्यावर माणूस कसा वागतो ते बघते, मग हो-नाही सांगते."

म्हणून रविवारी आम्ही हर्सूलच्या पुढं, बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत. आता तिथं डोंगराच्या पोटात रंगीत दिवे, दोरीचे पूल आणि अंधाऱ्या बोगद्यातून तारेवर सुसाट सुटणारा दोन खुर्च्यांचा पाळणा आहे. मुलगा शंतनू, त्याची आई पद्मजाताई, मृण्मयी, तिचे वडील मधुसूदनभावजी आणि मी. भावजी गारखेड्यातल्या घरून निघाल्यापासून एकच सांगत होते, "दौलताबाद किल्ल्यातली अंधारी वाट आम्ही बिनबॅटरीची चढलोय!"

पाळण्याशी पुंजाराम नावाचा माणूस. पोरगा-पोरगी एकत्र बसव, असं मी त्याला आधीच कानात सांगून ठेवलं होतं. त्यानं सगळ्यांना काट्यावर उभं केलं आणि मान हलवली.

"नाय जमत. दोघांचं वजन सारखं लागतं, नायतर पाळणा कलतो. ह्या ताई अन् ह्या आई. हे काका अन् हे दादा."

"अहो, ही दोघं एकमेकांना बघायला आलीत!"

"आत लई अंधार हाय, मावशी. दिसणार काय?"

झालं. होणारी सासू आणि होणारी सून एका पट्ट्यात आवळल्या गेल्या. पाळणा सुटला. पद्मजाताईंची किंकाळी, मग खिदळणं, मग "अजून जोरात!" परत आल्या तेव्हा अंबाडा सुटलेला, डोळे चकाकत होते. मी मनात सासूच्या रकान्यात 'पसंत' लिहून टाकलं.

मग पुरुष मंडळी. बोगद्यातून एकच आरोळी आली, "अगं आई गंऽऽ!"

पाळणा परतला. भावजींचा चेहरा चुन्यासारखा, पण जीभ शाबूत. "पोरगा घाबरला हो. मी धरून ठेवला म्हणून बरं."

"काका होते म्हणून आलो बाहेर," शंतनू म्हणाला.

"लिफ्ट अडकली तरी मला फोन करतो हा," पद्मजाताईंनी भर घातली. आईच असं बोलली, म्हणजे संपलंच.

मृण्मयीनं त्याला पाण्याची बाटली दिली. घेताना त्याची बाही सरकली. मनगटावर नखांचे लाल व्रण, आणि मधोमध भावजींच्या पुष्कराजाच्या अंगठीचा ठसा. ती मनगटाकडं बघत राहिली, मग वडिलांकडं. भावजी भिंतीवरच्या सूचना फार मन लावून वाचू लागले.

"दुखतंय?" मृण्मयीनं विचारलं.

"थोडं. घाबरलो मीपण होतो, खोटं कशाला बोलू? पण ओरडायला काकांनी जागाच ठेवली नाही." मग हळूच, "त्यांना नका बोलू काही."

मृण्मयी पुंजारामकडं वळली. "वजन कमी पडलं तर काहीच सोय नाही?"

"हाय की. वाळूची पिशवी. मांडीवर घ्यायची."

"मग मघाशी का नाही सांगितलं?"

"मघाशी तुम्ही कुठं इचारलं?"

तिनं पाळण्यात बसून पिशवी मांडीवर ओढली आणि शेजारच्या खुर्चीवर हात आपटला. "बसा, शंतनू. आता तुम्हाला ओरडायला भरपूर जागा आहे."

पाळणा सुटला. आत दोघंही ओरडत होते, कोण जास्त ते कळेना. मग अंधारातून तिचा आवाज घुमत आला, "मावशीऽऽ, होकार आहे गं!"

पद्मजाताईंनी मला मिठीच मारली. हेल्मेटवर हेल्मेट आदळलं.

"काय म्हणाली?" भावजींनी विचारलं.

"होकार."

भावजींनी छाती फुगवली. "बघितलं? पोराला आत मीच तयार केला."