पायरी आली की उठतात

मी व्हीलचेअर बोलतेय. गोड बोलायला जमणार नाही, हे आधीच सांगते. अकरा वर्षं एका कोपऱ्यात बसून माझं डोकं तापलंय, आणि आज ऐकायला कुणीतरी मिळालंय.

कारखान्यात माझा सांगाडा जोडणाऱ्या वेल्डरला एक सवय होती. खुर्ची तयार झाली की तो स्वतः तिच्यात बसून दारापर्यंत जाऊन यायचा आणि पाठीवर थाप मारून म्हणायचा, "जा पोरी, कुणाचे तरी पाय हो." मी ते मनावर घेतलं. वाटलं, कुणा आजोबांना उन्हात नेईन, कुणा ताईला रोज कामावर सोडीन.

आणि गेले कुठे, तर कॉलेजात! पुनर्वसन समुपदेशनाच्या विभागात. अपघातानं, आजारानं किंवा जन्मापासून ज्यांची वाट अडते, त्यांना पुन्हा कामाधंद्याला लागायला मदत करणारे समुपदेशक इथं दोन वर्षांत तयार होतात. काम मोलाचं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आल्या दिवशीच माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगानं लिहिलं, 'फक्त प्रात्यक्षिकासाठी'. पाय व्हायला निघालेली मी, नाटकातलं सामान झाले.

हे नाटक विभागप्रमुखांनी बसवलेलं. त्यांच्या दर वाक्यात 'कळकळ' यायची, म्हणून मुलं त्यांना मागून कळकळ सर म्हणायची. त्यांनी 'अनुभवाचा तास' काढला होता. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकानं तासभर माझ्यात बसायचं, कॅन्टीन, ऑफिस, ग्रंथालय असं हिंडायचं आणि मग दोन पानं लिहायची.

आता ते हिंडणं ऐका. कॅन्टीनपर्यंत हसणं-खिदळणं, ऑफिसपाशी फोटो. ग्रंथालयाला तीन पायऱ्या आहेत. तिथं आलं की स्वारी टुणकन उठायची, माझी घडी घालून मला वर न्यायची आणि पुन्हा माझ्यात बसायची! मग माझ्यातच बसून, मांडीवर वही घेऊन लिहायची, 'मला फार असहाय वाटलं. यांचं आयुष्य किती जड असतं!' पायरीशी आपण उठलो, हे अकरा वर्षांत एकानंही लिहिलं नाही. विभाग झाडणाऱ्या मावशी मात्र दरवर्षी हात कमरेवर ठेवून बघायच्या आणि म्हणायच्या, "उठले बघ. पाय आहेत ना, उठणारच."

चार वर्षांपूर्वी एक मुलगी आली ती स्वतःच्याच व्हीलचेअरवर. कॉरिडॉरमधून अशी जायची की लोक भिंतीला चिकटायचे. चार दिवसांत तिचं नाव पडलं सुसाट, आणि तिला ते आवडलं.

"तुला अनुभवाच्या तासातून सूट," कळकळ सर म्हणाले.

"सगळ्यांना आहे तर मलाही असू दे की सर."

ती माझ्यात येऊन बसली, चाकं दाबून बघितली आणि मावशींना म्हणाली, "मावशी, सायकलचा पंप मिळेल कुठे?" तासाभरानं तिनं दोन पानांऐवजी दोन ओळी दिल्या. 'खुर्ची चांगली आहे. चाकांत हवा नव्हती, ती भरली.'

मला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं ही शहाणी मंडळी माझं चाक ढकलताना घामाघूम झाली आणि तो जडपणा त्यांनी दुसऱ्यांच्या आयुष्याच्या नावावर लिहून टाकला. हवा भरायचं एकालाही सुचलं नाही. ज्याला रोज बसायचंय त्यालाच ते सुचतं.

दुसऱ्या वर्षी इंटर्नशिप असते. सहाशे तास खऱ्या माणसांबरोबर काम, त्याशिवाय पदवी नाही. सुसाटला एक रोजगार मार्गदर्शन केंद्र मिळालं. तिथून पत्र आलं, 'इमारतीला चार पायऱ्या आहेत, आपल्या विद्यार्थिनीची गैरसोय होईल.' अधू माणसांना नोकऱ्या लावून देणारं केंद्र, आणि दाराला चार पायऱ्या!

सरांनी तिला बोलावलं. मी कोपऱ्यातच होते. "हे बघ बाळ, कळकळीनं सांगतो. तू इथंच थांब. नव्या मुलांच्या सरावाच्या मुलाखतीत तू क्लायंट होऊन बस. ते तास मी इंटर्नशिपमध्ये धरतो."

सुसाटचा चेहरा लाल झाला. "म्हणजे बाकीचे समुपदेशक होणार, आणि मी दोन वर्षं शिकून त्यांच्या सरावाला बसणार?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे सर. उद्या मी कुणाला काय सांगू, की तुम्हाला नोकरी मिळेल, मला माझ्या कॉलेजनं कोपऱ्यात बसवलं?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "एकदा माझ्याबरोबर त्या केंद्रात चला. पण या खुर्चीत बसून. तुमचाच अनुभवाचा तास."

सर खूश झाले. इतकी वर्षं हा तास दुसऱ्यांना दिला, स्वतः एकदाही बसले नव्हते. मावशींनी माझ्या चाकांत हवा भरली. रस्ताभर सर "अरे वा, अवघड आहे हं," म्हणत होते आणि सुसाट पुढं जाऊन चौकाचौकात थांबत होती.

केंद्राच्या दारात तिथले साहेब उभे होते. त्यांना बघताच सर "नमस्कार, नमस्कार!" म्हणाले, आणि टुणकन उठले. चार पायऱ्या चढले, हात मिळवला आणि मोठ्या कळकळीनं सुरू झाले, "ही आमची विद्यार्थिनी..."

ओळख करून द्यायला वळले, तर बाजूला कुणी नाही. आम्ही खाली. एक तिची खुर्ची, एक मी, रिकामी.

"सर," सुसाट म्हणाली, "तुमची खुर्ची खाली राहिली."

सरांची मान खाली गेली. "सवयीनं झालं गं."

"सवयीनंच होतं सर. सगळ्यांचंच."

ते निमूट खाली उतरले आणि माझ्यात बसले, हे मी कबूल करते. साहेब वरूनच म्हणाले, "अर्ज करा, बघू." सुसाट म्हणाली, "बघा. तोवर मी इथं बसते."

दुसऱ्या दिवसापासून ती पायऱ्यांखाली टेबल टाकून बसली. मावशींनी मलाही तिथं नेलं, आल्यागेल्याला बसायला. आणि काय सांगू! पायऱ्या बघून आजवर परत फिरलेली माणसं थांबायला लागली. कुबडीवाला शिंपी, पाठ मोडलेला ड्रायव्हर, लेकाचा हात धरून आलेली आंधळी आई. ती प्रत्येकाला आधी विचारायची, "तुम्हाला काय करायचंय?" त्या नऊ दिवसांत मी खरोखर कुणाचे तरी पाय झाले. नवव्या दिवशी दाराला लाकडी उतार आला. दया आली म्हणून नव्हे, गर्दीतून साहेबांना आत जायला वाट उरली नाही म्हणून.

सहाशे तास पुरे करून सुसाट समुपदेशक झाली. आज ती त्याच केंद्रात नोकरीला आहे.

आणि मी? पुन्हा कोपऱ्यात. अनुभवाचा तास चालूच आहे. सर आता प्रत्येक नव्या वर्गाला त्या उताराची गोष्ट सांगतात, आणि गोष्टीत तो उतार त्यांनीच करून घेतलेला असतो. त्यांच्या खोलीपासून वीस पावलांवर ग्रंथालयाच्या तीन पायऱ्या जशाच्या तशा आहेत. सुसाटला दोन वर्षं पुस्तकं मावशींनी आणून दिली, हे त्यांना आजही ठाऊक नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

काल नवा वर्ग आला. पहिलाच मुलगा पायरीशी टुणकन उठला.

माझ्या पाठीवरची ती पांढरी अक्षरं खरवडून मला एखाद्या घरी द्या, एवढंच मागते. ते होणार नसेल, तर उद्या माझ्यात बसणाऱ्यांनो, ऐका. पायरी आली म्हणून उठू नका. तिथंच बसून राहा, आणि आतल्या माणसाला बाहेर बोलवा.